सापडेल ती नोंद

28 एप्रिल 2022 रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 70-ब खाली एक हुकूम जारी केला आणि सरकारी कार्यालये, कंपन्या, डेटा सेंटरे व इंटरनेटद्वारे सेवा पुरविणाऱ्या संस्था या सर्वांवर, अन्य गोष्टींबरोबर, दोन बंधने घातली. संगणकयंत्रणेत जे जे घडते त्याच्या ज्या नोंदी यंत्रे स्वतःच लिहीत असतात, आणि ज्यांना या व्यवसायातील मंडळी ‘लॉग’ म्हणतात, त्या मागील 180 दिवसांच्या सुरक्षित जतन कराव्यात, हे पहिले. आणि यंत्रणेवर हल्ला झाल्याचे ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत त्याची वर्दी द्यावी, हे दुसरे. या दोन मुदती एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे हुकमात शब्दाने न सांगितलेले एक तिसरे कर्तव्य निष्पन्न होते: वर्दीत काही अर्थ असावयाचा, तर सहा महिन्यांच्या ढिगातून हवी ती नोंद त्या थोड्या तासांत हाती लागली पाहिजे. नोंद ठेवण्याचा खर्च आपल्या संस्था कसाबसा मंजूर करतात; ती सापडावी यासाठी जी शोधयंत्रणा चालवावी लागते आणि जिची रोज निगराणी करावी लागते, तिच्यासाठी मात्र बहुधा ना स्वतंत्र तरतूद असते, ना नेमलेला माणूस. ही उणीव मुळात प्रशासकीय आहे आणि तिची दुरुस्ती संचालक मंडळांनी, आयुक्तांनी व सभागृहांनीच करावयास हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंद म्हणजे नेमके काय, हे एका नित्याच्या प्रसंगावरून पाहू. एखाद्या नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर कोणी गृहस्थ मालमत्ता कर भरतात. बँकेतून रक्कम वजा होते. पावती मात्र निघत नाही. खिडकीवर चौकशी केली तर ‘सर्व्हर डाउन होता’ एवढेच उत्तर मिळते. वास्तविक त्या अर्ध्या मिनिटात तीन निरनिराळ्या यंत्रांनी आपापली कैफियत लिहून ठेवलेली असते. संकेतस्थळाचा सर्व्हर लिहितो की, अमुक सेकंदाला अमुक पत्त्यावरून मागणी आली व 504 या संकेताने, म्हणजे पलीकडून वेळेत उत्तर न आल्यामुळे, ती निष्फळ झाली. पैसे स्वीकारणारी यंत्रणा लिहिते की, अमुक क्रमांकाच्या व्यवहाराची रक्कम जमा झाली. आणि करवसुलीची आज्ञावली लिहिते की, तिला डेटाबेसशी जोडणीच मिळाली नाही. तिन्ही नोंदी सत्य आणि तिन्ही अपुऱ्या. त्यांना एका सूत्रात गोवणारा दुवा म्हणजे तो व्यवहार क्रमांक. तो क्रमांक लिहिताच तिन्ही नोंदी कालक्रमाने एकाखाली एक समोर आल्या, तर खिडकीवरचा कारकून पाच मिनिटांत खरे उत्तर देऊ शकतो. न आल्या, तर अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज आणि अखेर माहितीच्या अधिकाराखाली आणखी एक अर्ज, ही परंपरा सुरू होते.

हे शोधण्याचे काम करणाऱ्या यंत्रणांची वंशावळ फार जुनी नाही. डग कटिंग यांनी 1999 मध्ये ल्युसीन ही शोधाची आज्ञावली लिहिली. तिच्या पायावर शाय बॅनन यांनी 2010 मध्ये इलॅस्टिकसर्च उभारले. आणि त्याच्या परवान्याच्या अटी 2021 मध्ये बदलल्यावर त्यातूनच ओपनसर्च ही दुसरी शाखा निघाली. तिन्हींचे तत्त्व एकच. नोंद आली की तिच्यातील शब्द, अंक व पत्ते सुटे करावयाचे आणि प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या नोंदींत आला त्यांची यादी लिहून ठेवावयाची. म्हणजे शोधाच्या वेळी सगळ्या नोंदी चाळाव्या लागत नाहीत, त्या शब्दाची यादी काढली की काम भागते. ही सूची एका यंत्रात मावेनाशी होते, म्हणून तिचे खंड, या व्यवसायाच्या भाषेत ‘शार्ड’, पाडून ते अनेक यंत्रांवर वाटतात, प्रत्येक खंडाची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवतात, आणि अशा यंत्रांच्या समुदायाला क्लस्टर म्हणतात. अशा रीतीने शोधाचा वेग फुकट मिळत नाही. नोंद दाखल होण्याच्या क्षणीच तिची सूची करण्याचे श्रम खर्चून तो आगाऊ विकत घेतलेला असतो, आणि ते श्रम किती व कसे करावयाचे हे ठरविणाऱ्या माणसाच्या विवेकावर पुढचे सर्व काही अवलंबून राहते.

त्या विवेकाचे स्वरूप आकड्यांनी स्पष्ट होईल. समजा, एका मध्यम संस्थेत दिवसाला 20 जीबी नोंदी जमतात आणि सूचीसह त्यांचे आकारमान साधारण तेवढेच राहते. 180 दिवसांच्या झाल्या 3,600 जीबी. प्रत्येकीची एक प्रत, म्हणून 7,200. आणि डिस्क 85 टक्क्यांच्या वर भरू द्यावयाची नाही, म्हणून सुमारे 8,500 जीबी. निविदा काढताना जो अधिकारी 3,600 हाच आकडा धरून चालतो, त्याची यंत्रणा तिसऱ्या महिन्यातच तुंबते. खंडांचेही तसेच. 2019 पूर्वीच्या इलॅस्टिकसर्चमध्ये प्रत्येक नव्या सूचीचे आपोआप पाच खंड पडत. रोज नवी सूची उघडण्याच्या रूढ रिवाजाने पाच खंड व पाच प्रती मिळून दिवसाला दहा, आणि 180 दिवसांत 1,800 खंड साचत, त्यांतला प्रत्येक जेमतेम 4 जीबीचा. तारखेऐवजी आकारमानावर लक्ष ठेवून, 40 जीबी भरले की नवी सूची उघडावी असा नियम केला, तर दोन दिवसांना एक खंड व त्याची एक प्रत, म्हणजे एकूण 180 खंडांत काम भागते. नोंदी त्याच आणि यंत्रेही तीच. परंतु प्रत्येक खंडाची खबर ठेवण्यात यंत्राची स्मृती खर्ची पडत असल्यामुळे पहिली व्यवस्था स्वतःच्याच भाराने मंदावते आणि दुसरी सुरळीत चालते. खंड 10 ते 50 जीबीच्या दरम्यान असावा, अशी जी शिफारस आहे ती याच कारणासाठी.

स्मृतीच्या बाबतीत तर सामान्य समजुतीच्या उलट वागावे लागते. यंत्राची सारी स्मृती शोधयंत्रणेला बहाल करावी, म्हणजे ती वेगाने चालेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात निम्मीच द्यावी, तीही 32 जीबीच्या आत, आणि उरलेली कार्यप्रणालीला सूचीच्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी मोकळी सोडावी, असा नियम आहे. कारण त्या मर्यादेपलीकडे, ही यंत्रणा ज्या जावा भाषेत लिहिलेली आहे तिला, स्मृतीतील प्रत्येक पत्ता लांबलचक लिहावा लागतो आणि वाढवून दिलेली स्मृती पत्त्यांतच संपते. नवी नोंद शोधात दिसू लागावी म्हणून सूची दर सेकंदाला ताजी करण्याची जी मूळ योजना आहे, ती दुकानाच्या मालशोधासाठी रास्त असली, तरी अखंड वाहणाऱ्या नोंदींसाठी महाग पडते. हे अंतर 30 सेकंदांवर नेले, तर शोधणाऱ्याचे काही बिघडत नाही आणि यंत्रावरचा ताण मात्र बराच उतरतो. असे निर्णय एकदा घेऊन विसरता येत नाहीत. नवी सेवा सुरू झाली, करभरणीची अखेरची तारीख जवळ आली, एखाद्या आज्ञावलीने अधिक तपशील लिहावयास सुरुवात केली, की सारे हिशेब पुन्हा मांडावे लागतात.

हिशेब न मांडल्यास काय होते, तेही जवळून पाहण्यासारखे आहे. डिस्क 85 टक्के भरली की इलॅस्टिकसर्च त्या यंत्रावर नवे खंड पाठविणे थांबवते. 90 टक्क्यांना असलेले खंड दुसरीकडे हलवू लागते. आणि 95 टक्क्यांना, त्या यंत्रावर ज्या सूचींचे खंड आहेत, त्या सर्व सूचींवर लिहिण्यास मनाई होते. तिथून पुढे येणारी प्रत्येक नोंद परत धाडली जाते. नोंदी पाठविणारी यंत्रे काही काळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहतात. पण त्यांच्याही फाइली ठरावीक आकारानंतर पुसल्या जातात, आणि मग ती नोंद जगात कोठेच उरत नाही. यातली सर्वांत गंभीर गोष्ट अशी की, नोंदींचा ओघ नेहमी सारखा नसतो. कोणी परका माणूस हजारो पासवर्ड लावून पाहू लागला, म्हणजे प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद होते. डेटाबेस कोलमडला, म्हणजे प्रत्येक मागणीमागे त्रुटीच्या लांबलचक नोंदी उमटतात. ज्या रात्री संकट येते त्याच रात्री नोंदींचा पूर येतो, आणि सरासरीवर बेतलेली डिस्क नेमकी त्याच रात्री भरते. साक्षीदाराची सर्वाधिक गरज असते त्या घटकेस तो मुका होतो, आणि याला दैवाचा कोप म्हणता येत नाही. अंदाजपत्रकात आखडता घेतलेला हात त्याच्या मुळाशी असतो.

नोंद जागेवर असूनही न सापडण्याचे प्रकार आणखी सूक्ष्म आहेत. यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असल्यामुळे, तारखेवारी उघडलेल्या सूचींत आपल्याकडची पहाटे साडेपाचपर्यंतची नोंद आदल्या दिवसाच्या नावावर जमा होते. पहाटे चार वाजताच्या चोरीचा तपास करणारा अधिकारी त्या दिवसाची सूची धुंडाळतो आणि ‘काही आढळले नाही’ असा शेरा लिहून मोकळा होतो. सर्व घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवून घ्यावीत, असे 2022 च्या हुकमात जे कलम आहे, त्याचे महत्त्व येथे कळते. कारण तीन यंत्रांची घड्याळे तीन वेळा दाखवू लागली, तर कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे कोणत्याही शोधयंत्रणेला सांगता येणार नाही. तसेच, ‘रक्कम’ या रकान्यात प्रथम अंक आला म्हणून तो रकाना अंकांचा ठरला आणि पुढे एखाद्या आज्ञावलीने तिथे शब्द लिहिला, की ती नोंद नाकारली जाते. नाकारलेल्या नोंदी रोज पाहणारे कोणी नसेल, तर महिनोन्महिने अशी गळती चालू राहते आणि कोणाच्या गावीही नसते.

या सर्वांवर एक आक्षेप हमखास घेतला जातो: एवढा खटाटोप कशाला? नोंदींच्या फाइली दाबून स्वस्त डिस्कवर ठेवाव्यात आणि गरज पडेल तेव्हा चाळाव्यात. कायद्याचे समाधान तेवढ्याने होते. आक्षेपात तथ्य आहे, आणि चार महिन्यांपूर्वीच्या नोंदी महागड्या यंत्रावर न ठेवता स्वस्त ठिकाणी हलवणे शहाणपणाचेच आहे. परंतु केवळ चाळण्यावर विसंबणाऱ्याने एक भागाकार करून पाहावा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे 200 एमबी वाचते असे धरले, तर आपल्या उदाहरणातील 3,600 जीबी उलगडलेल्या नोंदी एकदा वाचून काढण्यास पाच तास लागतात, आणि वर्दी देण्याची मुदत सहा तासांची आहे. शिवाय तपास कधी एका प्रश्नात संपत नाही. पहिल्या उत्तरातून दुसरा पत्ता निघतो, त्यातून तिसरे खाते, आणि प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पाच तास. डिसेंबर 2021 मध्ये, नोंदी लिहिण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या लॉगफोरजे या आज्ञावलीतच दोष असल्याचे उघड झाले, तेव्हा प्रत्येक संस्थेपुढे प्रश्न होता की त्या दोषाचा फायदा घेण्यासाठी धाडलेली विशिष्ट अक्षरावली आपल्या दारी येऊन गेली काय. ज्यांच्या नोंदी सूचीबद्ध होत्या, त्यांना तो प्रश्न तत्काळ विचारता आला. इतरांना आपण सुरक्षित आहोत की नाही, याचाही थांग लागेना.

वस्तुतः दप्तराची शिस्त ही महाराष्ट्राला नवी नाही. आवक कागद बारनिशीत नोंदवावा, निकाली प्रकरणाचे वर्गीकरण करावे, अ वर्गाचा अभिलेख कायम, ब वर्गाचा 30 वर्षे, क-1 वर्गाचा 10, क वर्गाचा 5 आणि ड वर्गाचा 1 वर्ष ठेवावा, आणि मुदत संपताच तो रीतसर नष्ट करावा, हा शिरस्ता आपल्या महसूल कचेऱ्यांत रुजलेला आहे. अहमदनगरचे तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकाच्या आरंभी आपल्या कार्यालयाच्या कामकाजाची व अभिलेखांची जी फेररचना केली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ठाऊक झाली. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमाने तर कलम 4 मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे दायित्वच घातले. नोंदींचे क्लस्टर चालविणारा अभियंता अगदी हेच काम करीत असतो: ताज्या नोंदी जलद डिस्कवर, महिन्याभरापूर्वीच्या साध्या डिस्कवर, त्याहून जुन्या दूरच्या स्वस्त साठ्यात, आणि मुदत संपली की नाश. इलॅस्टिकसर्चमध्ये ही वाटचाल नियम लिहून स्वयंचलित करता येते. पण कोणती नोंद कोणत्या वर्गाची हे यंत्र ठरवू शकत नाही. ते ठरविण्याचा अधिकार व जबाबदारी अभिलेखपालाची, आणि या नव्या दप्तराला आपण अभिलेखपालच नेमलेला नाही.

नाशाचे महत्त्व जतनाइतकेच आहे, हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. निष्काळजीपणे लिहिलेल्या आज्ञावली नोंदींत मोबाइल क्रमांक, आधार क्रमांक, प्रसंगी पासवर्डही उतरवून ठेवतात, आणि शोधयंत्रणा हे सारे तितक्याच तत्परतेने सूचीबद्ध करते. जी सूची तपास अधिकाऱ्याला एका क्षणात उत्तर देते, ती चोरालाही त्याच क्षणात देते. जुलै 2020 मध्ये ‘म्याव’ या नावाने ओळखल्या गेलेल्या हल्ल्यात, इंटरनेटवर विनापासवर्ड उघडे पडलेले हजारो डेटासाठे, त्यांत इलॅस्टिकसर्चचेही अनेक, पुसून टाकले गेले. सुरक्षेची व्यवस्था मुळातूनच चालू ठेवण्याची पद्धत इलॅस्टिकसर्चने 2022 मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून सुरू केली. त्याआधीच्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या यंत्रणांनी आपली दारे तपासली आहेत काय, हे त्या त्या संस्थेनेच पाहावयाचे आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानंतर तर अनावश्यक वैयक्तिक माहिती बाळगणे हा केवळ गबाळेपणा राहिलेला नाही. म्हणून नोंद दाखल होतानाच तिच्यातील खासगी अंक झाकावेत, कोणी काय शोधले याचीही नोंद व्हावी, आणि मुदतीनंतर एक दिवसही कारणावाचून ती ठेवू नये.

हे मोठ्या कंपन्यांना परवडते, लहान संस्थांनी काय करावे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या दृष्टीने अत्यंत जिव्हाळ्याचा आहे. कारण सहकारी बँका, पतसंस्था आणि नगरपरिषदा यांचे जाळे येथे दाट आहे आणि चोराला संस्थेचा आकार पाहण्याचे कारण नसते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेल्या सायबर दरोड्यात सुमारे 94 कोटी रुपये गेले आणि त्यांतील मोठी रक्कम 28 देशांतील एटीएममधून काढली गेली, ही घटना सर्वज्ञात आहे. प्रत्येक लहान संस्थेने स्वतःचे क्लस्टर चालवावे, अशी अपेक्षा मुळीच नाही. किमान तीन यंत्रे, त्यांतील एखादे बंद पडले तरी बहुमताने निर्णय व्हावा अशी रचना, आणि रात्री-अपरात्री उठणारा जाणकार, हे एकेकटीला झेपणारे नाही. पण एकत्र येऊन झेपणाऱ्या गोष्टी एकत्र करणे हाच तर सहकाराचा अर्थ. नागरी सहकारी बँकांची राष्ट्रीय शिखर संस्था 2024 मध्ये सुरू झाली आहे. नगरपरिषदांच्या मागे राज्याचे डेटा सेंटर आहे. अशा ठिकाणी सामाईक शोधयंत्रणा उभारून, प्रत्येक संस्थेच्या नोंदी परस्परांपासून अलग ठेवून, ही सेवा देणे पूर्णतः शक्य आहे.

माझी मागणी तीन गोष्टींची आहे. प्रत्येक संस्थेने, स्वतःच्या वा सामाईक यंत्रणेसाठी, नावनिशीवार एक जबाबदार व्यक्ती नेमावी, आणि हे काम तिच्या अन्य कामांच्या शेपटीला ‘जादा’ म्हणून बांधू नये. आज अनेक ठिकाणी हे काम करणारी माणसे कोणाच्याही लेखी नसताना मध्यरात्री डिस्क मोकळ्या करीत बसतात, आणि सर्व सुरळीत चालले तर त्यांनी काही केले हे कोणाला कळतही नाही. दुसरे, निविदेत केवळ यंत्रांची किंमत न धरता प्रती, राखीव जागा, संकटकाळचा पूर आणि निगराणीचे मनुष्यबळ यांची तरतूद असावी. तिसरे, दर तिमाहीला एक तालीम व्हावी: 150 दिवसांपूर्वीच्या एखाद्या व्यवहाराचा क्रमांक अचानक द्यावा, त्याच्या सर्व यंत्रांवरील नोंदी किती वेळात सापडतात ते घड्याळ लावून पाहावे, आणि त्याचा अहवाल लेखापरीक्षकापुढे ठेवावा. ही तालीम घेण्यास यंत्रांचे कसलेही ज्ञान लागत नाही. एक क्रमांक आणि एक घड्याळ पुरते.

लक्षावधी मराठी माणसे कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेची सभासद आहेत, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा त्यांना हक्क आहे. लाभांशाचा दर विचारून झाल्यावर त्यांनी अध्यक्षांना एवढेच विचारावे की, पाच महिन्यांपूर्वी माझ्या खात्यावर झालेल्या एका व्यवहाराची संपूर्ण नोंद आपली बँक किती वेळात काढून दाखवील आणि ते काम कोणाकडे सोपविलेले आहे. उत्तरादाखल जर एक नाव आणि एक वेळ मिळाली, तर ठेवी सुरक्षित ठेवण्यासाठी लागणारी एक मोठी गोष्ट तेथे जागेवर आहे असे समजावे; न मिळाली, तर त्याच सभेत ठराव मांडून ती मिळेल अशी तजवीज करावी.